चमक कमी झाली, पण गाठ?

मेंदूतल्या गाठीवर उपचार सुरू असले की दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय काढतात. शिरेतून गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट देतात आणि फिल्मवर गाठ पांढरी चमकते. मागच्या वेळेपेक्षा चमक कमी दिसली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण ती चमक नेमकी कशाची असते?

निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की गॅडोलिनियम त्यांतून बाहेर पडत नाही. ग्लायोब्लास्टोमासारखी आक्रमक गाठ मात्र व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून नव्या वाहिन्या वाढवून घेते. घाईत वाढलेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या, फुगीर आणि गळक्या असतात. चमकते ती ही गळती. गाठीच्या पेशी नव्हेत.

व्हीईजीएफला अडवणाऱ्या बेव्हासिझुमॅबला अमेरिकेत 2009 मध्ये, उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी मान्यता मिळाली. त्याने गळती थांबते, सूज उतरते, चमक झपाट्याने ओसरते. रुग्णाला आराम पडतो, तो खराच. पण नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष 2014 मध्ये आले, तेव्हा आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. याच्या उलटही घडतं: रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत गाठ वाढलेली नसतानाही चमक वाढू शकते. अशा वेळी चालू औषध उगाच बंद होण्याची भीती असते.

म्हणून वाहिन्यांकडेच पाहायचं. केशवाहिनीची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी. एमआरआयचा एक ठिपका मात्र मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. एकेक वाहिनी दिसणं शक्यच नाही. त्यावरची युक्ती मला फार सुंदर वाटते. कॉन्ट्रास्ट मेंदूतून वाहत जात असताना झरझर प्रतिमा घेतात आणि दोन प्रकारचे संकेत टिपतात. ग्रेडियंट-एकोला लहान-मोठ्या सगळ्या वाहिन्या कळतात, स्पिन-एकोला मुख्यतः बारीक. दोन्हींच्या तुलनेतून वाहिन्यांची सरासरी जाडी निघते. शिवाय हे संकेत एकाच वेळी चढत-उतरत नाहीत. एकासमोर दुसरा मांडला तर आलेखात एक वेटोळं तयार होतं, आणि त्याच्या दिशेवरून व आकारावरून तिथल्या वाहिन्यांच्या प्रकाराचा आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज येतो.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये किरे एम्ब्लेम आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत सेडिरानिब (व्हीईजीएफचंच काम अडवून गाठीचा रक्तपुरवठा तोडायचं औषध) घेणाऱ्या 30 रुग्णांवर वापरली. 2013 मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार 10 जणांच्या वाहिन्या पुन्हा सरळमार्गी होऊ लागल्या, ऑक्सिजन सुधारला, आणि ते इतरांपेक्षा सुमारे सहा महिने जास्त जगले. गाठीला उपाशी मारायचं औषध तिच्या वाहिन्या दुरुस्त करतं आणि त्यात रुग्णाचं भलं होतं, हे उफराटं वाटेल. पण याच रुग्णालयातले, आयआयटी कानपूरला शिकलेले राकेश जैन यांनी 2001 मध्येच हा विचार मांडला होता: वाहिन्या सुधारल्या तर केमोचं औषध आतवर पोचतं, आणि ऑक्सिजन मिळालेल्या पेशींवर रेडिएशन जास्त लागू पडतं.

सेडिरानिब मोठ्या चाचणीत मात्र अपयशी ठरलं. तरी मला ते 10 जण महत्त्वाचे वाटतात. कुणाला औषध लागू पडतंय हे लवकर ओळखता आलं, तर बाकीच्यांचे मोलाचे आठवडे वाचतील. वेटोळ्याची पद्धत अजून मुख्यतः संशोधनातच आहे. तिची साधी बहीण, गाठीतलं रक्त मोजणारा परफ्युजन एमआरआय, मात्र अनेक मोठ्या रुग्णालयांत होते. पुढचा रिपोर्ट हाती आला की गाठीच्या मापाबरोबर ‘परफ्युजन केलंय का, गाठीतल्या रक्ताचं प्रमाण मागच्यापेक्षा किती बदललंय?’ हेही डॉक्टरांना जरूर विचारा.