पीआरए झालं म्हणजे एचसीडी झालं का?

मारुतीच्या देवळासमोरचं पटांगण झाडून घ्यायचं, रांगोळीच्या पुड्या फोडायच्या आणि गर्दीतल्याच कुणाला तरी पुढं करून म्हणायचं, "दादा, तुमचं गाव काढा." पहिली दोन मिनिटं सगळे लाजतात. मग एकजण वाकून ओढ्याची रेघ मारतो, लगेच मागून एक म्हातारा ओरडतो, "अरं, तिथं वळतो ओढा, सरळ कुठं नेतोस?" त्यानंतर नकाशा कुणाच्या बापाला आवरत नाही. विहिरींना चिंचोके, बोअरला खडे, पडीक रानाला चुलीतली राख. पाणलोटाच्या, जलयुक्त शिवारच्या किंवा पोकराच्या (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या) गावात ज्यांनी काम केलंय त्यांना हे सांगायला नको. कागदोपत्री याला सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन म्हणतात. बोलताना सगळे पीआरएच म्हणतात, सरपंचसुद्धा.

अलीकडे त्याच पटांगणात दुसरी मंडळी येतात. त्यांच्याकडे रंगीत चिकटचिठ्ठ्या असतात (त्या देवळाच्या चुन्याच्या भिंतीवर दहा मिनिटंही टिकत नाहीत), खोक्याच्या पुठ्ठ्याचे नमुने असतात आणि तोंडात एचसीडी, म्हणजे मानवकेंद्री डिझाइन. तीही खाली बसतात, प्रश्न विचारतात, चित्रं काढायला लावतात. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून प्रस्तावात लिहिलं जातं, "मानवकेंद्री डिझाइन (पीआरए) पद्धतीने अभ्यास करण्यात येईल." एका कंसात दोन वेगळी कामं उरकली. हे वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे, म्हणून दुसऱ्याला नावं ठेवायचा हक्क मला थोडा कमीच.

पीआरएचं घराणं आधी पाहू. 1970च्या दशकाच्या शेवटी ग्रामीण विकासातल्या काही अभ्यासकांना दोन गोष्टींचा कंटाळा आला होता: शेकडो प्रश्नांच्या लांबलचक सर्वेक्षणांचा आणि जीपमधून येऊन दुपारच्या जेवणाआधी परत जाणाऱ्या तज्ज्ञांचा. त्यातून झटपट पाहणीची पद्धत निघाली. पुढं 1988च्या सुमारास केनियात आणि गुजरातमध्ये, जवळजवळ एकाच वेळी, तिला सहभागाचं वळण मिळालं. काठी गावकऱ्याच्या हातात द्यायची आणि आपण गप्प बसायचं. रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकानं हे सगळं जमवून जगभर पोचवलं. शिवारफेरी, हंगामी दिनदर्शिका, चिंचोक्यांनी क्रम लावणं ही सगळी त्यातलीच हत्यारं.

माझं आवडतं म्हणजे चपाती आकृती. गावाला ज्या ज्या संस्थेशी काम पडतं तिच्या नावाची कागदाची गोल चपाती कापायची. संस्था जितकी महत्त्वाची तितकी चपाती मोठी, आणि ती जितकी आवाक्यातली तितकी गावाच्या जवळ ठेवायची. एका गावात बायकांनी बँकेची चपाती सगळ्यात मोठी कापली आणि ती ठेवायला उठून चालत गेल्या. शेवटी ती पटांगणाबाहेर, कुणाच्या तरी मोटारसायकलखाली जाऊन बसली. अहवालात दोन पानं खर्चूनही एवढं नेमकं लिहिता आलं नसतं.

यातला प्रश्न गावाचा असतो. इथं काय आहे, काय दुखतं, कुणाला जास्त दुखतं, आधी काय करायचं. उत्तर म्हणून नकाशा, क्रम, आराखडा निघतो, आणि तो ग्रामसभेत राहायला हवा. (बहुतेकदा तो तालुक्याच्या कपाटात राहतो, पण तो पीआरएचा दोष नव्हे.)

एचसीडीचं कूळ वेगळं. ते यंत्रं आणि संगणक बनवणाऱ्यांकडून आलं. वापरणाऱ्या माणसाला केंद्रस्थानी धरून वस्तू कशी घडवावी याचं तर आंतरराष्ट्रीय मानकच आहे, त्याची 9241-210 या क्रमांकाची पहिली आवृत्ती 2010ची. गरिबांच्या कामात ही पद्धत रुळली ती 2009 नंतर. आयडिओ या अमेरिकन डिझाइन कंपनीनं गेट्स फाउंडेशनच्या पैशातून संस्थांसाठी एक साधनसंच काढला, त्यात कामाचे तीन टप्पे होते: ऐका, घडवा, पोचवा. यातल्या मधल्या शब्दावर बोट ठेवा. पीआरएमध्ये तो नाही. एचसीडीत मध्यभागी एक वस्तू असते, मग ती पंप असो, ॲप असो, विम्याचा करार असो नाहीतर शेळीचा गोठा. ती अर्धीकच्ची करून माणसाच्या हातात द्यायची, तो ती कशी मोडतो ते पाहायचं, पुन्हा करायची. प्रश्न असा की ही गोष्ट या माणसाच्या हाताला, वेळेला आणि खिशाला बसते का. पंधरा-वीस माणसं नीट पाहिली तरी पुष्कळ होतं, आणि गावाचं एकमत इथं लागत नाही.

ऐकण्यात आणि पाहण्यात किती अंतर असतं ते पेप्सीकोल्यानं दाखवलं. लहानपणी शाळेबाहेर मिळणारा, प्लास्टिकच्या नळीतला रंगीत बर्फाचा तो पेप्सीकोला. मध्य प्रदेशातल्या निमाडमध्ये कापूसवाल्या शेतकऱ्यांनी तीच कोरी नळी रिळांवर आणली, तिला भोकं पाडली आणि उन्हाळी लागणीला तिनं ठिबक केलं. नळी हंगाम-दोन हंगामांत फाटायची, त्यांना चालायचं. "ठिबक का घेत नाही?" असं मंडळीत विचारलं असतं तर "महाग पडतं" एवढंच उत्तर आलं असतं आणि शिफारस निघाली असती, अनुदान वाढवा. बांधावर उभं राहिल्यावर दुसरं काही दिसतं. दहा वर्षं टिकणारा माल त्याला आज नकोच आहे. पाणी पुरेल का याचीच खात्री नसताना एका हंगामापुरती जोखीम त्याला परवडते, आणि त्या नळीनं नेमकं तेवढंच मागितलं.

आता मेंढपाळांकडे वळू. दोन्हींतला फरक आणि दोन्हींची पंचाईत तिथं जास्त उघडी पडते.

1 आणि 2 डिसेंबर 2021ला पुणे आणि नगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस झाला. नुसता पाऊस नव्हे, वर गार वारा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागांत उघड्यावर बसलेली मेंढरं भिजली, गारठली आणि हजाराहून जास्त दगावली. ज्यांची गेली त्यांतले कित्येक धनगर दिवाळीनंतर वाडा घेऊन निघालेले. वाडा म्हणजे घर नव्हे, चार-पाच बिऱ्हाडांचा चालता मुक्काम: मेंढरं, घोडी, कुत्री, डालग्यातली कोकरं, पालाचं कापड आणि वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी. कुणाच्या शेतात रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे घ्यायचे आणि पुढं सरकायचं. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात, पावसाळ्याआधी परततात.

या माणसांचं पीआरए कुठं करणार? चेंबर्सनं फार पूर्वी, 1983 साली, एक खोड दाखवली होती. बाहेरची माणसं कोरड्या दिवसांत, डांबरी रस्त्यानं गावात जातात, म्हणून त्यांना पावसाळ्यातली भूक आणि आजारपण दिसत नाही. आपल्याकडे धनगरांच्या बाबतीत हीच खोड उलटी बसते. आपली पीआरए दिवाळीनंतर ते मार्चच्या आत उरकतात, कारण तेव्हा रस्ते बरे आणि लोक मोकळे. नेमके त्याच महिन्यांत हे लोक गावात नसतात. सामाजिक नकाशावर त्यांच्या घरांना चिंचोके मिळतात, घरात एखादी म्हातारी आणि शाळेत जाणारी पोरं. आणि जिथं मेंढरं मेली ते शेत त्यांच्या गावाच्या नकाशात कधीच नव्हतं. पंचनामा करणारा तलाठीही परकाच.

पण म्हणून पीआरए बिनकामाचं ठरत नाही. पावसाळ्यात, वाडे परत आलेले असताना त्यांच्याबरोबर हंगामी दिनदर्शिका काढली की कळतं, कोणत्या महिन्यात कुठल्या शिवारात असतात, कुठं कुरण बंद झालं, कुठं ऊस आल्यापासून वाट उरली नाही, कुठला शेतकरी आता रासायनिक खतावर गेल्यानं बोलावत नाही. हे सामूहिक ज्ञान आहे आणि त्यावरचे निर्णय, कुरणाचे, वाटेचे, पाणवठ्याचे, सामूहिकच व्हायला हवेत. इथं कुणी पंधरा माणसांच्या मुलाखती घेऊन "वापरकर्त्याची गरज" सांगू लागला तर त्याला उठवून लावावं. कुरण कुणाचं, हा डिझाइनचा प्रश्नच नाही.

उलट, "पुढच्या अवकाळीला मेंढरं वाचवायला काय द्यायचं" हा प्रश्न बघता बघता वस्तूचा होतो. इशारा द्यायचा? मग तो संध्याकाळी चारच्या आत हवा, म्हणजे मुक्काम बदलता येईल. लिखित मेसेज नको, आवाज हवा. फोन कुणाकडं असतो, चार्ज कुठं होतो, मेंढरांमागं गेलेल्या गड्याकडं की पालावरच्या बाईकडं? या प्रश्नांना चिंचोक्यांनी क्रम लावता येत नाही. दोन दिवस वाड्याबरोबर चालावं लागतं.

असंच काम केनियाच्या उत्तरेला एका विम्याच्या बाबतीत झालं. त्याला कुणी एचसीडी म्हटलं नव्हतं, करणारे बरेचसे अर्थतज्ज्ञ होते. मार्साबिट भागात गाब्रा, रेंडिले, बोराना हे पशुपालक राहतात. शेकडो मैलांवरच्या कुरणात मेलेलं जनावर मोजायला विमा कंपनीचा माणूस जाणार कसा? म्हणून नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेनं जानेवारी 2010मध्ये वेगळा विमा आणला. उपग्रहातून कुरणाची हिरवाई मोजायची, त्यावरून मरतुकीचा अंदाज बांधायचा आणि तो 15 टक्क्यांवर गेला की पैसे द्यायचे. तुमचं जनावर मेलं की जगलं, हे कुणी बघत नाही. आपले द्राक्षवाले आणि संत्रावाले हे लगेच ओळखतील. हवामान आधारित फळपीक विम्यात बागेत गारवा आणि महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर ऊन, ही तक्रार त्याच जातीची.

हे समजावायला तिथं भाषणं न देता पशुपालकांना हंगामाचे खेळ खेळायला लावले. कळप, हप्ता, दुष्काळ, भरपाई असं सगळं खोटंखोटं. 2011च्या दुष्काळानंतर ऑक्टोबरात पहिली भरपाई मिळाली. पण जनावर मेल्यावर पैसे येऊन उपयोग काय? ते बाजारातून परत आणायचं म्हणजे जात, दूध, सवय सगळं नव्यानं. पुढं, 2015च्या सुमारास, करारच बदलला. कुरण वाळायला लागल्यावर, मरतूक व्हायच्या आधी पैसे, म्हणजे चारा, पाणी, औषध घेता येईल. केनियातल्याच वाजीर भागात मुस्लिम पशुपालकांना साधा विमा धर्माला धरून वाटत नव्हता. तिथं तकाफुल, म्हणजे इस्लामी नियमांत बसणाऱ्या, पद्धतीचा विमा आणला आणि 2014मध्ये त्याचीही भरपाई दिली गेली. दुष्काळाचं वर्णन तेच राहिलं, फक्त कागद दोनदा नव्यानं लिहिला गेला. ही एचसीडीची चाल आहे, नाव काही असो.

फसवणूक दोन्हीकडून होते. पीआरएच्या नावावर एका दुपारी सरपंचाच्या भावकीनं काढलेला नकाशा "गावाचं मत" म्हणून वर जातो. एचसीडीच्या नावावर स्मार्टफोनवाल्या आठ तरुणांना आवडलेलं ॲप "शेतकऱ्यांनी घडवलेलं" म्हणून मिरवलं जातं. एखाद्या प्रकल्पात कोणतं काम झालंय हे ओळखायचं तर पद्धतीचं नाव वाचू नका. शेवटी गावात काय उरलं ते विचारा. भिंतीवर नकाशा आणि समितीच्या वहीत ठराव उरला असेल तर पीआरए झालं. तीन वेळा नापास होऊन चौथ्यांदा बदललेली एखादी वस्तू उरली असेल तर एचसीडी झालं. नुसते फोटो उरले असतील तर दोन्ही झालेलं नाही.

अवकाळीत मेंढरांवर टाकायचं एखादं हलकं छत करायचं ठरलं, असं समजा. वाड्यावर संध्याकाळी मुक्काम लावते ती बाई, सकाळी बिऱ्हाड घोड्यावर चढवते तीच. तिच्या हातात तो नमुना द्या. पुढाऱ्यासारखी ती पसरून बघणार नाही, उचलून बघेल. एका हातानं, मग दोन्ही हातांनी. घोड्याकडं एक नजर टाकेल आणि विचारेल, "भिजल्यावर किती जड होतंय ह्ये?"