लसप्रमाणपत्र आणि शासकीय उत्तरदायित्व (गोवा)

साथीच्या काळात लस घेतल्याचा दाखला प्रवास, नोकरी किंवा सार्वजनिक ठिकाणी प्रवेश यांसाठी अट म्हणून मागितला जातो, तेव्हा त्या अटीचा कायदेशीर आधार, तिच्यामागील वैद्यकीय पुरावा, लसीकरणाच्या जाहीर आकड्यांचा खरेपणा आणि लसीमुळे झालेल्या अपायाची जबाबदारी यांविषयी शासनाला नागरिक, विधिमंडळ व न्यायालय यांच्यापुढे जाब द्यावा लागतो. त्यालाच येथे उत्तरदायित्व म्हटले आहे. ‘लसपारपत्र’ हा वृत्तपत्रांनी रूढ केलेला शब्द सुटसुटीत असला, तरी पारपत्र हे राष्ट्रीयत्वाचे प्रमाण असते आणि लसीचा दाखला तसा नसतो. म्हणून ‘लसप्रमाणपत्र’ ही संज्ञा अधिक योग्य होय. प्रस्तुत विवेचन मुख्यतः 2021–22 मधील गोव्याविषयी आहे. मात्र लशीची मान्यता, दोन मात्रांमधील अंतर आणि प्रमाणपत्राची संगणकीय व्यवस्था केंद्राच्या अखत्यारीत असल्यामुळे देशपातळीवरील निर्णयांचाही परामर्श घेतला आहे.

पूर्वपीठिका : लसीच्या दाखल्याचे मूळ कोठे मानावे याबाबत मतभेद आहेत. एका मतानुसार तो सागरी आरोग्यपत्रांचा वारस होय. भूमध्य समुद्रातील बंदरांत साधारणतः पंधराव्या शतकापासून, जहाज ज्या बंदरातून निघाले तेथे प्लेग नसल्याचा दाखला कप्तानाजवळ असणे आवश्यक ठरत गेले, आणि पोर्तुगीज व्यवहारातही अशी आरोग्यपत्रे प्रचलित होती. ही पत्रे बंदराची ग्वाही देत. जहाजावरील अमुक माणसाच्या शरीरात रोगप्रतिकारशक्ती आहे की नाही, याविषयी त्यांत काही नसे. दुसरे मत देवीच्या लसीकडे बोट दाखवते. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस यशस्वीपणे टोचण्यात आली, ती भारतातील पहिली मानली जाते. त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ दंडावरचा गोल वण हाच लसीचा पुरावा होता. कागद हरवला तरी वण हरवत नसे, आणि आज साठीच्या पुढे असलेल्या अनेकांच्या दंडावर तो अजून पाहता येतो.

तिसरे मत 1896 च्या मुंबईतील प्लेगपासून प्रारंभ धरते, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोग अधिनियम संमत झाला आणि रेल्वेप्रवाशांची तपासणी, विलगीकरण, घरे रिकामी करणे असे कठोर उपाय सुरू झाले. लस टोचून घेतलेल्यांना प्रमाणपत्र देऊन अशा काही निर्बंधांतून सूट देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात तेव्हाच पडली. शासनाने निर्बंध घालावा आणि टोचून घेणाऱ्याला त्यातून मोकळे करावे, ही जोडी येथे स्पष्ट दिसते, आणि 2021 मधील प्रमाणपत्राचे मर्मही तेच होते. अपायाचा प्रश्नही याच लशीच्या इतिहासात आहे. पंजाबातील मुल्कोवाल येथे 1902 मध्ये प्लेगची लस टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि त्यांची निर्दोषता मान्य होईपर्यंत 1907 साल उजाडले.

आंतरराष्ट्रीय पातळीवर 1933 मध्ये हेग येथे झालेल्या हवाई वाहतुकीच्या आरोग्यविषयक कराराने आणि 1951 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी अशा दाखल्यांना ठराविक नमुना दिला. सध्याच्या, म्हणजे 2005 च्या, नियमांच्या सातव्या परिशिष्टात प्रवेशाची अट म्हणून नावानिशी उल्लेख आहे तो केवळ पीतज्वराचा, आणि त्याचे प्रमाणपत्र जुलै 2016 पासून आजन्म वैध मानले जाते. गोव्यात या प्रमाणपत्राचे पिवळे पुस्तक अपरिचित नाही. जहाजावर नोकरी करणाऱ्या तारवट्यांच्या घरी ते पारपत्र आणि सीडीसी (खलाशाच्या नोकरीची नोंदपुस्तिका) यांच्यासोबत एकाच पिशवीत ठेवलेले असते.

प्रमाणपत्राचे स्वरूप : देशात कोविड लसीकरण 16 जानेवारी 2021 रोजी सुरू झाले. कोविन या संगणकीय मंचावरून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नाव, वय, ओळखपत्राचे शेवटचे अंक, लशीचे नाव, मात्रेची तारीख, लस टोचणाऱ्याचे नाव, केंद्र आणि पडताळणीसाठी क्यूआर कोड असे. त्यावर पंतप्रधानांचे छायाचित्रही होते. त्याविरुद्धची याचिका केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये दंडासह फेटाळली. मात्र 8 जानेवारी 2022 रोजी गोव्यासह पाच राज्यांच्या निवडणुका जाहीर होऊन आचारसंहिता लागू झाल्यावर या राज्यांतील प्रमाणपत्रांवरून ते छायाचित्र काढावे लागले. आरोग्याच्या दाखल्यावर सत्ताधाऱ्याची प्रतिमा असावी का, हा प्रश्न गौण मानला गेला, तो तसा नव्हता. आचारसंहितेने जे प्रचारसाहित्य ठरवले, तेच त्याआधी वर्षभर नागरिक सरहद्दीवर दाखवत होते.

गोव्यातील प्रवेशाची अट : एप्रिल-मे 2021 च्या दुसऱ्या लाटेत गोव्याची स्थिती अत्यंत बिकट झाली. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडून मृत्यू झाल्याच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे आल्या. दक्षिण गोवा वकील संघटनेच्या याचिकेसह त्या एकत्र ऐकताना खंडपीठाने, 10 मेपासून राज्यात येणाऱ्यांकडे 72 तासांच्या आतील नकारात्मक चाचणी अहवाल असावा, असा आदेश दिला. शासन ही अट घालण्यास नाखूष होते. पर्यटनावर जगणाऱ्या राज्यात तिची आर्थिक किंमत मोठी होती, हे त्यामागचे कारण उघड आहे. पुढे पावसाळ्यात राज्य सरकारच्या विनंतीवरून या आदेशात टप्प्याटप्प्याने बदल होत गेले आणि दुसरी मात्रा घेऊन 14 दिवस झालेल्यांचे प्रमाणपत्र चाचणी अहवालाऐवजी स्वीकारले जाऊ लागले. गोव्यातील लसप्रमाणपत्राचा अंमल खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो, आणि तो मंत्रिमंडळाच्या स्वतंत्र निर्णयातून न होता न्यायालयीन आदेशाच्या दुरुस्तीतून झाला, ही बाब उत्तरदायित्वाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अटीचा जनक कोण असे विचारल्यास शासन न्यायालयाकडे बोट दाखवू शकत होते, आणि न्यायालयापुढची सवलत मात्र शासनानेच मागितलेली होती.

पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले आणि पोळे या सीमानाक्यांवर या अटीचा रोजचा अर्थ निराळा होता. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कारखान्यांत व हॉटेलांत बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या भागांतून रोज माणसे येतात. सिंधुदुर्गातील रुग्ण उपचारासाठी गोमेकॉवरच विसंबून असतात. दुचाकी बाजूला घेऊन, पावसात रेनकोटाच्या आतून मोबाइल काढून, भिजल्या बोटाने प्रमाणपत्र उघडण्याचा प्रयत्न करणारा कामगार हा या व्यवस्थेचा सर्वांत नेहमीचा वापरकर्ता होता. चवथीच्या सुटीला येणारा मुंबईकर गोमंतकीय किंवा वीकेंडचा पर्यटक त्या मानाने सुस्थितीत होता, कारण त्याला हा दाखला हंगामात एकदाच काढावा लागे. काही जण हा कागद लॅमिनेट करून खिशात ठेवत.

येथे मुख्य अडचण उद्भवते. ‘पूर्ण लसीकरण’ ही अट होती, परंतु ती पूर्ण करण्याचे साधन सर्वस्वी शासनाच्या हाती होते. अठरा वर्षांवरील सर्वांना लस 1 मेपासून खुली झाली असली, तरी साठा तुटपुंजा होता. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर मार्चमध्ये 6 ते 8 आठवडे आणि 13 मे रोजी 12 ते 16 आठवडे करण्यात आले. म्हणजे मे महिन्याच्या मध्यास पहिली मात्रा घेतलेला पंचविशीचा तरुण नियमांचे काटेकोर पालन करूनही ऑगस्टच्या उत्तरार्धापूर्वी पूर्ण लसीकृत ठरूच शकत नव्हता. दोष त्याचा नव्हता, पण नाक्यावर अडवला जाई तोच. सर्वोच्च न्यायालयाने 31 मे 2021 च्या आदेशात 18 ते 44 वयोगटासाठीचे सशुल्क व विकेंद्रित धोरण प्रथमदर्शनी मनमानी व तर्कविसंगत ठरवले आणि अर्थसंकल्पातील 35,000 कोटी रुपयांच्या तरतुदीचा हिशेब मागितला. पुढच्याच आठवड्यात धोरण बदलले आणि 21 जूनपासून केंद्राने सर्व प्रौढांना मोफत लस देण्यास प्रारंभ केला. साथीच्या काळात जाब विचारण्याचा परिणाम इतक्या थोड्या दिवसांत दिसल्याची उदाहरणे फार नाहीत.

परदेशी नोकरीस जाणाऱ्यांसाठी जून 2021 मध्ये हे अंतर 28 दिवसांपर्यंत कमी करण्याची मुभा मिळाली व प्रमाणपत्राला पारपत्राचा क्रमांक जोडण्याची सोय झाली. गोव्यातील तारवट्यांना तिचा मोठा आधार झाला. तरीही ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली होती, त्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या 3 नोव्हेंबर 2021 च्या मान्यतेपर्यंत अनेक देशांत अडथळा होता. कोव्हिशील्डला ही मान्यता फेब्रुवारीतच मिळाली होती, पण युरोपीय संघाच्या 1 जुलैपासून लागू झालेल्या प्रमाणपत्र व्यवस्थेत तिची गणना आपोआप होत नसे. लसीकरण केंद्रावर जी लस आली ती घेतली, एवढाच यात नागरिकाचा वाटा होता. पोर्तुगीज पारपत्रावर युरोपात गेलेल्या गोमंतकीयांच्या कुटुंबांत हा भेद विशेष बोचला.

‘शंभर टक्के’ची मोजदाद : गोव्यात पंचायत पातळीवर झालेल्या टिका उत्सवांमुळे (लसीकरण शिबिरांमुळे) लसीकरणाला वेग आला, यात शंका नाही. सप्टेंबर 2021 मध्ये राज्यातील सर्व पात्र प्रौढांना पहिली मात्रा दिल्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या सरकारने जाहीर केले आणि 18 सप्टेंबर रोजी पंतप्रधानांनी गोव्यातील आरोग्य कर्मचाऱ्यांशी व लाभार्थ्यांशी दूरसंवाद साधला. हा आकडा कसा वाचावा, याविषयी मात्र सावधगिरी हवी. पात्र प्रौढांची संख्या सुमारे 11.66 लाख धरली होती. ही शिरगणती नव्हती, अंदाज होता; 2011 च्या जनगणनेत गोव्याची एकूण लोकसंख्या 14,58,545 होती आणि 2021 ची जनगणना झालीच नाही. भागाकारातील छेद असा अनुमानित असताना अंशही स्थिर नव्हता. कोविनवर मात्रा नोंदली जाई ती लसीकरण केंद्राच्या ठिकाणी, लाभार्थ्याच्या रहिवासानुसार नव्हे. त्यामुळे वेर्णा वा कुंडई औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय कामगार, किनारपट्टीवरील हंगामी कर्मचारी आणि शेजारच्या जिल्ह्यांतून आलेले लोक यांच्या मात्रा गोव्याच्या अंशात मिळत, आणि मुंबईत वा आखातात लस घेतलेला मूळचा सासष्टीकर अंशात नसूनही मतदार यादीत असे.

याचा अर्थ शासनाने आकडा बनावट दिला असा करणे अन्यायाचे होईल. दिलेल्या मात्रा खऱ्या होत्या, आणि सप्टेंबरपर्यंत प्रौढांपैकी बहुतांश लोकांना पहिली मात्रा मिळाली होती. परंतु ‘अंदाजित पात्र संख्येइतक्या पहिल्या मात्रा’ आणि ‘एकही प्रौढ वंचित राहिला नाही’ ही दोन विधाने वेगळी आहेत. पहिले सिद्ध होते, दुसरे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. सत्तरी, सांगे, काणकोण येथील डोंगराळ वाड्यांत कोणी राहून गेले का, हे कळण्यासाठी गावनिहाय आणि वयनिहाय यादी ग्रामसभेपुढे ठेवणे हाच खात्रीचा मार्ग होता. नोव्हेंबर 2021 मध्ये देशभर ‘हर घर दस्तक’ ही घरोघरी लसीकरणाची मोहीम हाती घ्यावी लागली, यातच सरासरीच्या आड राहिलेल्यांची कबुली आहे. खबरदारीच्या, म्हणजे तिसऱ्या, मात्रेचा उत्साह त्या मानाने अल्प होता. 10 एप्रिल 2022 पासून 18 ते 59 वयोगटाला ती खासगी केंद्रांत पैसे मोजून घ्यावी लागे, आणि 15 जुलैपासून 75 दिवस ती मोफत दिली गेली.

कायदेशीर बाजू : राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणे समवर्ती सूचीत, तर आंतरराज्य विलगीकरण संघसूचीत आहे. पत्रादेवीच्या नाक्यावरील अट या तिन्हींच्या सीमेवर उभी होती. राज्यांतर्गत निर्बंध प्रत्यक्षात उत्तर व दक्षिण गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खालील संचारबंदीच्या आदेशांनी घातले. त्यांवर विधानसभेत चर्चा होण्याचे बंधन नव्हते. कॅसिनो सप्टेंबर 2021 मध्ये निम्म्या क्षमतेने उघडले, तेव्हाही दाखल्यांची अट अशाच आदेशांतून आली.

लसीकरण ऐच्छिक असल्याची भूमिका केंद्राने सातत्याने घेतली. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात, कोणत्याही कारणासाठी प्रमाणपत्र सक्तीचे करणारी कार्यपद्धती आपण जारी केलेली नाही, असे आरोग्य मंत्रालयाने म्हटले. मेघालय उच्च न्यायालयाने जून 2021 मध्येच उपजीविकेशी जोडलेली लससक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 शी, म्हणजे जीविताच्या हक्काशी, विसंगत ठरवली होती. मुंबईच्या लोकल गाड्यांत केवळ पूर्ण लसीकृतांना प्रवेश देणाऱ्या महाराष्ट्राच्या आदेशांवर 2022 च्या प्रारंभी मुंबई उच्च न्यायालयाने, ते विहित प्रक्रिया पाळून काढलेले नाहीत, या कारणास्तव ताशेरे ओढले आणि ते मागे घेतले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2 मे 2022 च्या जेकब पुलियेल प्रकरणातील निकालात न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव व भूषण गवई यांच्या पीठाने लसीकरण धोरण वैध मानले, कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही असे सांगितले, आणि लस न घेतलेल्यांपासून संसर्गाचा धोका लसीकृतांपेक्षा अधिक असल्याचा पुरावा शासनाने पुढे न ठेवल्यामुळे त्यांच्यावरील निर्बंध त्या परिस्थितीत प्रमाणबद्ध नाहीत, असा निष्कर्ष काढला. निर्बंधांना कायदा, गरज आणि प्रमाणबद्धता या तीन कसोट्या लागू होतात, हे त्यात स्पष्ट झाले. या निकालाला लसविरोधाचे समर्थन मानणे चुकीचे आहे. पुराव्याचा भार निर्बंध घालणाऱ्यावर आहे, एवढेच तो ठामपणे सांगतो.

अपाय आणि भरपाई : लसीकरणोत्तर अपायांची नोंद जिल्हा, राज्य व राष्ट्रीय समित्यांमार्फत होते, आणि वरील निकालाने व्यक्ती व खासगी डॉक्टर यांनाही अशा घटना सहज कळवता याव्यात अशी व्यवस्था करण्यास सांगितले. नोव्हेंबर 2022 मध्ये, लसीनंतर मुली गमावलेल्या पालकांच्या याचिकेला उत्तर देताना, लस ऐच्छिक असल्याने भरपाईची जबाबदारी शासनावर येत नाही आणि पीडितांनी दिवाणी न्यायालयात जावे, अशी भूमिका केंद्राने मांडली. कायद्याच्या पुस्तकात ती टिकेलही. पण ज्या कामगाराला नाका ओलांडून रोजंदारीवर जायचे होते, त्याच्या बाबतीत ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ काय उरतो, याचे उत्तर त्या प्रतिज्ञापत्रात नाही.

माहितीची गोपनीयता हा शेवटचा विषय. जून 2023 मध्ये कोविनवरील व्यक्तिगत तपशील टेलिग्रामवरील एका स्वयंचलित खात्यातून मिळत असल्याचे वृत्त आले. मंचाचीच माहिती थेट फुटल्याचे शासनाने नाकारले. व्यक्तिगत अंकीय माहिती संरक्षण अधिनियम त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, संमत झाला.