परदेशात घरबांधणीच्या मिशन सेवेसाठी अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि त्यांचा क्रम

कॅथलिक संस्थांच्या वतीने परदेशात एक-दोन आठवडे राहून गरजू कुटुंबांसाठी घरे बांधण्याची जी सेवा केली जाते, तिच्यासाठी शासनाचा असा एकच ठरावीक अर्ज नसतो. अर्ज यजमान संस्थेकडे करायचा असतो, शिफारस आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्रमुख धर्मगुरूंची लागते, आणि पासपोर्ट, व्हिसा व चारित्र्याचे कागद त्या त्या कार्यालयांतून मिळवावे लागतात. या सर्व कागदांवर अर्जदाराचे नाव आणि प्रवासाचा हेतू एकच दिसला पाहिजे; अर्ज अडतात ते बहुधा इथेच.

पात्रतेच्या अटी संस्थेनुसार बदलतात. साधारणपणे अठरा वर्षे पूर्ण असावीत, उन्हात विटा-सिमेंट वाहण्याइतकी प्रकृती ठीक असावी आणि प्रवासखर्च स्वतः सोसण्याची तयारी असावी. गवंडीकाम येत नसले तरी चालते. येत असेल तर अर्जात ते ठळकपणे लिहावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात घरबांधणी ज्यांनी जवळून पाहिली, त्यांना पाया आणि जोत्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही, आणि असा अनुभव अर्जात एका परिच्छेदात मांडणे मुळीच वावगे नाही.

मराठवाड्यातील कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतील विभाग) १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला, त्यामुळे घरातील ज्येष्ठांचे स्नानसंस्काराचे (बाप्तिस्म्याचे) दाखले त्याआधीच्या नोंदींतले असू शकतात. शिफारसपत्रासोबत हा दाखला मागितला गेल्यास, स्नानसंस्काराच्या वेळी ठेवलेले नाव आधार कार्डावर किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे का, हे आधी तपासावे. पासपोर्टवर केवळ घरचे मराठी नाव आणि शिफारसपत्रात फक्त फ्रान्सिस किंवा मारिया असे असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा उल्लेख फादरांनी पत्रातच करणे सर्वांत सोपे. पासपोर्टवरच नाव बदलायचे असेल, तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेण्याचा लांबचा रस्ता धरावा लागतो.

पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरून जवळच्या सेवा केंद्रात वेळ घ्यावी. ३६ पानांच्या पासपोर्टचे सर्वसाधारण शुल्क प्रौढांसाठी १,५०० रुपये असून तत्काळसाठी २,००० रुपये अधिक पडतात. आधार, पत्त्याचा पुरावा आणि जन्मतारखेचा पुरावा मूळ प्रतींसह न्यावा.

चारित्र्याच्या दाखल्याबाबत मात्र मोठा घोळ होतो. यजमान संस्था मुलांच्या सुरक्षिततेसाठी पोलिसांचे प्रमाणपत्र मागतात, आणि अर्जदार सरळ पासपोर्ट कार्यालयाकडे धाव घेतो. तिथे ५०० रुपये भरून मिळणारे पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र नोकरी, निवास किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी असते. पर्यटक व्हिसावर जाणाऱ्यांना ते दिले जात नाही. अशा वेळी पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्त कार्यालयाकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घ्यावे आणि ते चालेल का, हे संस्थेला आधीच विचारावे.

व्हिसासाठी यजमान संस्थेचे निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट, बँक खात्याचा तपशील आणि आरोग्य विमा लागू शकतो. अर्जात हेतू म्हणून नुसते ‘मिशन’ लिहू नये. धर्मप्रचारासाठी येणाऱ्यांना अनेक देशांत निराळा व्हिसा घ्यावा लागतो, त्यामुळे ‘विनामोबदला घरबांधणी’ असे स्पष्ट लिहावे आणि त्या कामाला पर्यटक व्हिसा चालतो का, याचे लेखी उत्तर घ्यावे. आपल्याला पहिल्या खेपेस नेपाळ सोयीचा वाटतो, कारण भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. मात्र विमानाने जाताना ६५ वर्षांपर्यंतच्या प्रौढांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे, आधार कार्डावर भागत नाही.

सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी रजा आणि परदेशप्रवासाची परवानगी आधी मंजूर करून घ्यावी. शिवाय परदेशी संस्था राहणे, जेवण किंवा तिकीट यांचा खर्च उचलणार असेल, तर विदेशी अंशदान कायद्यातील सहाव्या कलमानुसार शासकीय सेवकांना, तसेच शासनाच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील संस्थांच्या कर्मचाऱ्यांना केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. त्यासाठीचा अर्ज निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी पोहोचायला हवा, पण आपल्याकडच्या कागदांचा वेग पाहता दोन महिने धरणेच शहाणपणाचे.

केनिया, युगांडा अशा पिवळ्या तापाच्या देशांत जायचे असल्यास निघण्याच्या किमान दहा दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रात लस टोचून घ्यावी. तिचे पिवळे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. ते नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, म्हणून मुंबईला उतरून थेट गावची रेल्वे पकडण्याचा बेत असणाऱ्यांनी हे प्रमाणपत्र पासपोर्टमध्येच ठेवावे.