दूरच्या ब्रीडरकडून विदेशी पोपट घेताना: पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

कोल्हापुरात किंवा नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला सन कॉन्युर अथवा आफ्रिकन ग्रे असा विदेशी पोपट पाळावासा वाटतो, जवळपास खात्रीचा ब्रीडर, म्हणजे पक्ष्यांची पैदास करून विकणारा, सापडत नाही, आणि शोध कोलकाता, चेन्नई किंवा बंगळुरूपर्यंत जातो. मोबाइलवर पिल्लाचे व्हिडिओ येतात, भाव ठरतो आणि 'उद्याच गाडीत बसवून देतो' असे आश्वासन मिळते. मात्र १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील सुधारणा लागू झाल्यामुळे अशा पक्ष्याचा ताबा एका हातातून दुसऱ्या हातात जाणे हा आता निव्वळ खासगी व्यवहार राहिलेला नाही. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही त्याची नोंद शासनाकडे करावी लागते. ही प्रक्रिया अवघड नाही; फक्त तिचा मोठा भाग पैसे देण्यापूर्वी करायचा असतो, आणि बहुतेक जण नेमके तेथेच चुकतात.

सर्वप्रथम आपण कोणता पक्षी घेत आहोत हे निश्चित करावे. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या अंगणातल्या पिंजऱ्यात दिसणारा राघू, म्हणजे गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला हिरवा पोपट, आणि त्याच्याहून मोठा पहाडी पोपट हे भारतीय वन्यपक्षी आहेत. ते पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा पाळणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यांच्यासाठी कोणताही परवाना किंवा नोंदणी उपलब्ध नाही, त्यामुळे 'पिंजऱ्यात जन्मलेला आहे, कागद करून देतो' असे सांगणाऱ्याशी बोलणे तेथेच थांबवावे. येथे एक गोंधळ नेहमी होतो. जुन्या कायद्यात हा राघू अनुसूची ४ मध्ये होता. सुधारणेनंतर तो अनुसूची २ मध्ये गेला आणि अनुसूची ४ आता सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारातील प्रजातींसाठी आहे. जुनी माहिती वाचून 'अनुसूची ४ मधल्या पोपटाची नोंदणी होते, मग आमच्या मिठूचीही होईल' असा समज करून घेणारे लोक मला भेटले आहेत, आणि म्हणूनच हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

सायटीसच्या यादीत जगातील जवळजवळ सर्व पोपट येतात. बजरीगर (ज्यांना आपण लव्हबर्ड म्हणतो ते बहुधा हेच असतात), कॉकटील आणि पीच-फेस्ड लव्हबर्ड या विदेशी पक्ष्यांना मात्र त्यातून वगळलेले आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी पुढे सांगितलेली नोंदणी लागत नाही. सन कॉन्युर, ग्रीन-चीक्ड कॉन्युर, एक्लेक्टस, ब्लू अँड गोल्ड मकाव हे या यादीच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, तर स्कार्लेट मकाव, हायसिंथ मकाव, मोलुक्कन काकाकुवा आणि २०१७ पासून आफ्रिकन ग्रे हे अधिक कडक अशा परिशिष्ट १ मध्ये आहेत. पाळणाऱ्याची नोंदणी दोन्हींना सारखीच लागते. फरक ब्रीडरच्या बाजूने पडतो, कारण परिशिष्ट १ मधील प्रजातींची पैदास करणाऱ्याकडे त्याच्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाने दिलेला स्वतंत्र परवाना असावा लागतो. आफ्रिकन ग्रेचे पिल्लू घेताना हा परवाना पाहण्यास मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि सरळ व्यवहार करणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही.

नोंदणीचा आधार अधिनियमातील कलम ४९-एम हा आहे आणि तिची पद्धत २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या जिवंत प्राणी प्रजातींच्या नोंदणीविषयक नियमांत दिली आहे. ताबा कोणत्याही मार्गाने बदलला, म्हणजे विकत घेऊन, भेट म्हणून किंवा मित्राने सांभाळायला म्हणून कायमचा दिला, तरी त्याची नोंद करावी लागते. पाळण्यासाठी वेगळी पात्रता, शिक्षण किंवा परवाना लागत नाही. पक्षी कायदेशीर मार्गाने आलेला असणे आणि तो ठेवण्याची नीट जागा असणे पुरेसे आहे. पक्षी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांच्या आत केंद्र शासनाच्या परिवेश २.० या पोर्टलवर अर्ज करावा लागतो. तो अर्ज आपण जेथे राहतो त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे जातो. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपुरात आहे. ब्रीडरचे राज्य वेगळे असले तरी खरेदीदाराने आपल्याच राज्यात अर्ज करायचा असतो, तर हस्तांतरणाची खबर देणे ही ब्रीडरची जबाबदारी आहे.

आता कागदपत्रांचा खरा भाग. पक्षी जवळच्या गावातला असता तर आपण पिंजरा, मादी-नराची जोडी, इतर पिल्ले आपल्या डोळ्यांनी पाहिली असती. अंतर असले की ती सोय जाते आणि कागद हाच एकमेव पुरावा उरतो. म्हणून आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी ब्रीडरकडून त्याच्या स्वतःच्या नावाचे नोंदणी प्रमाणपत्र आणि त्या पिल्लाच्या जन्माची नोंद झाल्याचा पुरावा मागवावा. त्यावरील प्रजाती आणि संख्या यांचा आपल्याला मिळणाऱ्या पक्ष्याशी मेळ बसला पाहिजे. पिल्लाच्या पायात बंद रिंग आहे का आणि तिच्यावरचा क्रमांक कोणता, हे चालू व्हिडिओ कॉलवर दाखवण्यास सांगावे. ही सलग रिंग पिल्लू काही दिवसांचे असतानाच चढवता येते, मोठ्या पक्ष्याच्या पायात ती जात नाही, त्यामुळे पक्षी मानवी देखरेखीत वाढल्याची ती चांगली खूण ठरते. मध्ये फट असलेली, पक्कडीने दाबून बसवलेली रिंग कोणत्याही वयात घालता येते आणि तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. विक्रीची पावती घेताना त्यावर दोघांची नावे व पत्ते, प्रजाती, रिंग क्रमांक, दिनांक आणि रक्कम स्पष्ट लिहून घ्यावी, आणि पैसे बँक खात्यातूनच द्यावेत. सोबत नोंदणीकृत पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि, शक्य असेल तर, लिंगनिदानाचा डीएनए अहवाल घ्यावा.

अर्ज भरताना ही पावती आणि ब्रीडरच्या प्रमाणपत्राची प्रत यांच्यासह स्वतःचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पक्ष्याचे व पिंजऱ्याचे स्पष्ट फोटो आणि रिंगचा क्रमांक वाचता येईल असा जवळून काढलेला फोटो हाताशी ठेवावा. शुल्क ऑनलाइन भरायचे असते. अर्जाची पोचपावती जपून ठेवावी, कारण प्रमाणपत्र येईपर्यंत आपण वेळेत अर्ज केल्याचा पुरावा तोच असतो. वनविभागाचे कर्मचारी जागा पाहण्यासाठी आले तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. कागद नीट असलेल्या माणसाला त्यांना पक्षी दाखवावा लागतो, इतकेच.

वाहतुकीबद्दल मला थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण पक्षी दगावतात ते इथे. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने रात्रीच्या खासगी बसच्या डिकीतून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कॉन्युरची दोन पिल्ले मागवली होती. सकाळी खोके उघडले तेव्हा एक पिल्लू मेलेले होते आणि दुसरे दोन दिवसांत गेले. पिल्ले अजून हाताने भरवण्याच्या वयाची होती. त्यांना प्रवासात कोण भरवणार होते? स्वतः खाऊ लागलेले, काही आठवडे हाताने भरवावे न लागलेले पिल्लूच मागावे आणि शक्यतो स्वतः जाऊन आणावे. ते शक्य नसेल तर रेल्वेच्या पार्सल कार्यालयात किंवा विमान कंपनीच्या मालवाहतूक विभागात जिवंत पक्षी कोणत्या अटींवर घेतात हे आधी विचारून रीतसर बुकिंग करावे, आणि पावती व आरोग्य प्रमाणपत्र यांच्या प्रती पिंजऱ्यासोबत पाठवाव्यात. बर्ड फ्लूची साथ असेल तर पक्ष्यांच्या ने-आणीवर प्रशासन निर्बंध घालते. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात हे आपण पाहिले आहे. अशा दिवसांत खरेदी पुढे ढकलावी.

पक्षी परदेशातून थेट मागवून देतो असे सांगणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे. त्यासाठी सायटीस परवाना, आयातीचे परवाने आणि बंदरावरील विलगीकरण एवढे सगळे लागते, आणि घरगुती ग्राहकाला ते सहसा झेपत नाही. 'पक्षी विमानतळावर अडकला आहे, विम्याचे पैसे भरा' असा फोन आला तर तो फसवणुकीचा आहे असे समजून १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

नोंदणी झाल्यानंतरही काही गोष्टी कळवाव्या लागतात. जोडी ठेवली आणि पिल्ले झाली तर जन्माची, पक्षी दुसऱ्याला दिला तर हस्तांतरणाची आणि तो मेला तर मृत्यूची नोंद त्याच पोर्टलवर करावी लागते. मृत्यूच्या वेळी पशुवैद्यकाचा अहवाल सोबत जोडावा लागतो, त्यामुळे दुःखाच्या भरात पक्ष्याला लगेच पुरून न टाकता आधी दवाखान्यात न्यावे.