ब्लॅक हिस्ट्री मंथ : अमेरिकी हायस्कुलांतील समारंभ

अमेरिकेतील अनेक हायस्कुलांत (नववी ते बारावी) दर फेब्रुवारीत होणारा कार्यक्रम. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे सादरीकरण आणि चालू वर्षात चमकलेल्या विद्यार्थ्यांचा गौरव ही त्याची दोन अंगे. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच सभेत उरकतात. कुठे भिंतीवरचे तक्ते, निबंध आणि वाचनाचे तास धरून महिनाभर चालतात.

प्रथेचे मूळ कार्टर जी. वुडसन (१८७५–१९५०) यांच्याकडे जाते. त्यांचे आईवडील पूर्वी गुलाम होते. वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत राबून विसाव्या वर्षी ते हंटिंग्टनच्या डग्लस हायस्कुलात दाखल झाले, दोन वर्षांच्या आत तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडले आणि १९०० साली त्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९१२ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळाल्यानंतरही वॉशिंग्टनच्या हायस्कुलात ते शिकवतच होते. १९१५ मध्ये त्यांनी शिकागोत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली आणि फेब्रुवारी १९२६ पासून ‘नीग्रो हिस्ट्री वीक’ सुरू केला. लिंकन यांचा जन्मदिवस १२ फेब्रुवारी आणि गुलामीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचा मानला गेलेला १४ फेब्रुवारी. हे दिवस कृष्णवर्णीय समाज आधीपासूनच पाळत होता, म्हणून हा आठवडा. वर्षभर वर्गात शिकलेले या आठवड्यात लोकांपुढे मांडावे, अशी वुडसन यांची कल्पना होती. संस्था शाळांना चित्रे, नाटुकल्यांच्या संहिता आणि पाठ-आराखडे पुरवी. केंट स्टेट विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९७० मध्ये आठवड्याचा महिना केला. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली. वर्षभराचा अभ्यास मागे पडून नुसता फेब्रुवारी उरला की कार्यक्रम पोकळ होतो. आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ हेच आहे.

तयारी : काम नोव्हेंबरात सुरू झाले तरच जमते. ब्लॅक स्टुडंट युनियन असेल तर मुले आणि एक सल्लागार शिक्षक मिळून समिती करतात. वर्षाचा विषय वुडसन यांच्याच संस्थेने जाहीर केलेला घेता येतो. डिसेंबरात निवडचाचण्या, जानेवारीत तालमी. ईशान्येकडील राज्यांत बर्फामुळे शाळा बंद पडते आणि प्रेसिडेंट्स डेला (फेब्रुवारीतील तिसऱ्या सोमवारची सुट्टी) जोडून काही जिल्ह्यांत आठवडाभर सुट्टी असते, म्हणून राखीव तारीख आधीच ठरवावी. सभागृहात सगळी शाळा मावत नसेल तर तोच कार्यक्रम दोनदा करावा लागतो. एका तासिकेचे, म्हणजे सुमारे ४८ मिनिटांचे, गणित साधारण असे बसते : मुलांची ये-जा १०, गीत २, चार-चार मिनिटांची तीन सादरीकरणे, स्टेप नृत्य (पाय आपटून, टाळ्या वाजवून ताल धरणारे समूहनृत्य) ६, पाहुणे ८, गौरव १०. पाहुण्यांना वेळ लेखी कळवलेली नसेल तर ते पंधरा मिनिटे घेतात आणि कात्री गौरवाला लागते.

गीत : कृष्णवर्णीयांचे राष्ट्रगीत म्हणून ओळखले जाणारे ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ हे जेम्स वेल्डन जॉन्सन यांचे काव्य, चाल त्यांचे बंधू रोझमंड यांची. १२ फेब्रुवारी १९०० रोजी जॅक्सनव्हिलमध्ये ५०० शाळकरी मुलांनी ते पहिल्यांदा गायले. जेम्स तेव्हा तिथल्या स्टँटन शाळेचे मुख्याध्यापक होते. कडवी तीन, सभेत बहुधा पहिलेच म्हणतात, उभे राहून. पट्टी आधी ठरवली नाही तर मधल्या चढत्या ओळींत मुलांचे आवाज फाटतात. शब्द पडद्यावर दाखवावेत. पाठ असणारे थोडेच असतात.

विषयांची निवड : मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन, कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर ही चौकडी दरवर्षी ठरलेली, आणि तिच्याबरोबर ठरलेल्या चुकाही. पीनट बटरचा शोध कार्व्हर यांनी लावला नाही. रक्तपेढीच्या कामासाठी ओळखले जाणारे चार्ल्स ड्रू १९५० मध्ये अपघातानंतर गेले, ते गोऱ्यांच्या रुग्णालयाने रक्त नाकारल्यामुळे नव्हे. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा न सोडणाऱ्या रोझा पार्क्स पाय दुखतात म्हणून बसून राहिलेल्या बाई नव्हत्या. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या त्या चिटणीस होत्या. त्यांच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५ मध्ये, पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिन या हायस्कूल विद्यार्थिनीला त्याच शहरात बसमधील जागा न सोडल्याबद्दल अटक झाली होती.

हायस्कूलच्या मंचावर सर्वांत शोभणारा विषय मात्र बार्बरा जॉन्स यांचा. व्हर्जिनियातील फार्मव्हिलचे मोटन हे कृष्णवर्णीय मुलांचे हायस्कूल १८० जणांसाठी बांधलेले. शिकत होती ४५० हून अधिक. जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्यांत भरत आणि पावसात गळत. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बराने खोट्या फोनने मुख्याध्यापकांना गावात धाडले आणि त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गांत पाठवून सभा बोलावली. पडदा उघडला तेव्हा व्यासपीठावर तीच उभी होती. दोन आठवडे संप चालला. त्यातून उभा राहिलेला खटला शाळांतील वर्णविभाजन बेकायदा ठरवणाऱ्या ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ (१९५४) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातील पाच खटल्यांपैकी एक ठरला. विद्यार्थ्यांनी सुरू केलेला तेवढाच. पुढे वर्णविभाजन मोडावे लागू नये म्हणून काउंटीने १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. हा शेवटचा भाग सादरीकरणातून गाळू नये.

गुलामांच्या लिलावाची नक्कल, तोंडाला काळा रंग फासून केलेली भूमिका आणि उपाहारगृहात ‘खास बेत’ म्हणून तळलेली कोंबडी व कलिंगड (कृष्णवर्णीयांची टिंगल करताना वापरले जाणारे पदार्थ) : या तिन्हींनी शाळा बातम्यांत येतात आणि मुख्याध्यापकांना माफी मागावी लागते.

गौरव : पहिल्या सत्राचे गुण बहुधा जानेवारीअखेर पक्के होतात, म्हणून यादी त्याआधी छापू नये. जीपीए (गुणांची सरासरी) वेटेड धरायचा की अनवेटेड, हे निकषातच लिहावे. वेटेडमध्ये कठीण अभ्यासक्रमांना जादा गुण मिळतात आणि दोन याद्या जुळत नाहीत. विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार मिळालेले पुरस्कार शाळा जाहीर करू शकते, पालकांनी हरकत नोंदवली नसेल तर. प्रत्यक्ष गुण मात्र त्यांच्या संमतीशिवाय नाहीत. म्हणून मंचावरून नाव आणि सन्मान वाचावा, आकडा नाही. एका नावाला दहा सेकंद, म्हणजे दहा मिनिटांत साठ मुले. उच्चार आदल्या दिवशी मुलालाच विचारून घ्यावा. गौरव केवळ गुणांचा केला की तीच ती मुले पुन्हापुन्हा मंचावर येतात. एनएएसीपीची ‘ॲक्ट-सो’ ही हायस्कूल स्पर्धा (१९७८ पासून) विज्ञान, कला, लेखन, उद्योजकता अशा क्षेत्रांत असते आणि यादी रुंदावायला उपयोगी पडते.

मराठी दुवा : अमेरिकेतील मराठी घरांतील मुलांना सादरीकरणात भाग घ्यायचा असेल तर अस्सल साधने हाताशी आहेत. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. डू बॉइस यांचे उत्तरही उपलब्ध आहे. दोन्ही पत्रे छोटी आहेत आणि चार मिनिटांत वाचून होतात. जात आणि वंश यांची सरसकट तुलना करणारा तक्ता मात्र त्या वेळात नीट मांडून होत नाही.

अभ्यासक्रम : फिलाडेल्फियाने २००५ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन इतिहास हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी सक्तीचा केला. कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा या विषयाचा एपी (हायस्कुलातच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा) अभ्यासक्रम २०२२ मध्ये सुमारे ६० शाळांत प्रायोगिक स्वरूपात आला आणि २०२४–२५ पासून सर्वांना खुला झाला. फ्लोरिडाने जानेवारी २०२३ मध्ये तो नाकारला होता. या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रकल्प करून तोंडी मांडावा लागतो. असा वर्ग असलेल्या शाळेला फेब्रुवारीच्या मंचासाठी वेगळे साहित्य शोधावे लागत नाही.