करवंटी (गोव्यातील घरगुती पुनर्वापर)

खोबरे खवून झाल्यावर उरणारे नारळाचे कठीण कवच म्हणजे करवंटी, कोकणीत करटी. गोव्यात हुमणाला (माशांच्या कालवणाला) रोज नारळ लागतो, त्यामुळे करवंट्या साठतच जातात. एकाच नारळाच्या दोन करवंट्या मात्र सारख्या नसतात. देठाकडच्या भागावर तीन डोळे असतात आणि त्यांतला एक मऊ असतो. कोंब तिथूनच फुटतो. दुसरी करवंटी सलग असते. कोणती कशाला वापरायची, हे यावरच ठरते.

दवलो (डाव) सलग करवंटीचाच करतात. डोळ्याची घेतली तर काही दिवसांत गळू लागते. नारळ पूर्ण पिकलेला हवा. तो हातात फिरवत कोयत्याच्या पाठीने मध्यावर हलके घाव घालत गेल्यास कड सरळ येते, एकाच जागी जोरात हाणल्यास वेडीवाकडी फुटते. करवंटी रात्रभर पाण्यात ठेवून आतले खोबरे व तपकिरी साल सुरीने खरवडून काढावी. थोडेही राहिले तर खवट वास येतो आणि तो जात नाही. बाहेरचे तंतू काचेच्या तुकड्याने, मग ८० व १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावेत. करवंटी दोन-तीन दिवस सावलीतच वाळवावी, कडक उन्हात तडकते. मग कडेखाली सुमारे १ सेंमीवर एक भोक आणि समोरच्या बाजूला त्याहून किंचित खाली दुसरे भोक पाडून बांबूची ३० ते ३५ सेंमी लांब दांडी आरपार ठोकतात. भोके समोरासमोर नसली तर दांडी एका बाजूला झुकते. बांबू ओला असेल तर महिन्याभरात आकसून ती हलू लागते. अशा वेळी पाचर मारावी. शेवटी दवलो दहा मिनिटे पाण्यात उकळून, पुसून खोबरेल लावावे. तो पाण्यात भिजत टाकू नये. मातीच्या कुंडल्यात (कालवणाच्या भांड्यात) धातूचा डाव खरवडतो, दवलो खरवडत नाही. सोलांच्या (आमसुलांच्या) आंबटपणाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. डिचोलीची मातीची भांडी वापरणाऱ्यांना तो अजून लागतो, तो यासाठीच.

डोळ्याची करवंटी रोपांना उत्तम. मऊ डोळा खिळ्याने फोडला की पाण्याचा निचरा होतो. त्यावर काथ्याचा बोळा ठेवून वर माती भरतात व मिरची किंवा वांग्याच्या दोन-तीन बिया टोचतात. चार-पाच पाने आली की रोप हलवावे, नाहीतर मुळे गुंडाळली जातात. डोळा न फोडल्यास मुळे कुजतात. हीच करवंटी बाटलीत तेल ओतायला नरसाळे म्हणूनही चालते.

साठवलेल्या करवंट्या पालथ्या ठेवाव्यात. पावसाळ्यात उताण्या पडलेल्या करवंटीत डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी आठवडा-दीड आठवड्यात उडता डास होतात.

फुटक्या करवंट्या न्हाणीतल्या भाणाखाली (पाणी तापवायच्या हंड्याखाली) जातात. त्यांची आग कडक असते, काजळीही भरपूर. राखेने भांडी घासतात.