देवयानीशेजारची कमान

देवयानी दीर्घिकेचे फोटो काढायला सुरुवात होऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. आयझॅक रॉबर्ट्स यांनी 1888 मध्ये तिची सर्पिल रचना काचेच्या प्लेटवर टिपली होती, आणि तेव्हापासून जगातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या दुर्बिणी तिच्याकडे रोखल्या गेल्या. तरीही 2022 मध्ये तिच्या अगदी शेजारी एक नवी तेजोमय कमान सापडली. शोधणारे होते तीन हौशी खगोलप्रेमी: मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी. सेंटी यांनी फ्रान्समधून वापरलेल्या दुर्बिणीचं भिंग होतं 106 मिलिमीटरचं! आकाशात ही कमान दीड अंश पसरलेली आहे, म्हणजे तीन पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढी.

मग मोठ्या दुर्बिणींना ती दिसली कशी नाही? एक तर त्यांना एका वेळी आकाशाचा चिमूटभर तुकडाच दिसतो. दुसरं म्हणजे, तारा बिंदूसारखा असतो, पण तेजोमेघ, म्हणजे या कमानीसारखा चमकणाऱ्या वायूचा ढग, पसरलेला. आरसा मोठा केला आणि फोकल रेशो (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास) तोच ठेवला, तर तेजोमेघाची प्रतिमाही मोठी होते आणि वाढीव प्रकाश तेवढ्याच जास्त पिक्सेलांत वाटला जातो. अंधूक, पसरट गोष्टींसाठी खरा उपयोग फोकल रेशोचा आणि वेळेचा. मोठ्या वेधशाळेत एकेका तासासाठी शास्त्रज्ञांची रांग असते. हौशी माणूस मात्र एकाच जागेवर रात्रीमागून रात्री घालवू शकतो. या कमानीसाठी शंभराहून अधिक तासांचा प्रकाश गोळा केला गेला.

तेजोमेघातला वायू ठरावीक तरंगलांबींवरच चमकतो. हायड्रोजनचा लाल प्रकाश 656.3 नॅनोमीटरवर, तर दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा हिरवट-निळा 500.7 वर. नॅरोबँड फिल्टर तेवढीच अरुंद पट्टी आत सोडतो, अवघी तीन ते सात नॅनोमीटरची, आणि बाकीचा बहुतांश प्रकाश अडवतो. म्हणूनच पुण्या-मुंबईच्या गच्चीवरूनही मृग नक्षत्रातले हायड्रोजनचे तेजोमेघ टिपता येतात. ऑक्सिजन मात्र हट्टी! चांदण्यात आणि पांढऱ्या एलईडी दिव्यांत हिरवट-निळा प्रकाश भरपूर असतो, त्यामुळे त्याला अमावास्येजवळची काळोखी रात्रच लागते. देवयानीजवळची कमान चमकते ती नेमकी याच ऑक्सिजनच्या प्रकाशात.

अशा फिल्टरमधून घेतलेली पाच मिनिटांची एक फ्रेम पडद्यावर उघडली, तर काळ्या पार्श्वभूमीवर काही तारे आणि भरपूर करड्या ठिपक्यांचा गोंगाट, एवढंच दिसतं. पण गोंगाट प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो, तेजोमेघ मात्र त्याच जागी. सोळा फ्रेमची सरासरी काढली की गोंगाट चौपट कमी होतो. आणखी चौपट कमी करायचा तर फ्रेम लागतात 256. म्हणून तासांची संख्या अशी फुगत जाते. सेन्सर उणे दहा अंशांपर्यंत थंड करणं, फिल्टर आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढून टाकायला फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो) घेणं, हे सगळं त्याच गोंगाटाशी चाललेलं भांडण. मला या छंदातला सगळ्यात सुंदर क्षण हाच वाटतो: स्टॅक झालेल्या (सगळ्या फ्रेम एकत्र करून बनलेल्या) चित्राचा कॉन्ट्रास्ट ताणत जावा आणि करड्यातून एक धागा वर यावा, जो कुठल्याच सुट्या फ्रेममध्ये नव्हता.

अर्थात, असा धागा खरा की भिंगातलं परावर्तन, ही शंका घ्यायलाच हवी. इथेही वेगळ्या ठिकाणाहून, वेगळ्या दुर्बिणीतून कमान पुन्हा टिपली गेली आणि मगच जानेवारी 2023 मध्ये शोधनिबंध आला. ती खरंच पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरच्या देवयानीजवळ आहे, की आपल्याच आकाशगंगेतला वायू योगायोगाने त्या दिशेला दिसतो, यावर तेव्हापासून संशोधकांची चर्चा सुरू आहे. हे ठरवायला फोटो पुरत नाही. वर्णपटातली ऑक्सिजनची रेषा किती सरकली आहे हे मोजून वायूचा वेग काढावा लागतो, कारण देवयानी आपल्याकडे सेकंदाला सुमारे तीनशे किलोमीटर वेगाने येते आहे आणि तिच्याजवळच्या वायूचा वेगही साधारण त्याच घरातला असायला हवा.